गाडी पाणी पिते? हेड उघडण्याआधी हा क्रम पाळा

मार्च उलटला की जळगाव-भुसावळच्या बाजूला एक वाक्य हमखास कानावर येतं: "गाडी पाणी पिते हो आजकाल." म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी सारखं कमी होतं. मग डिकीत पाच लिटरची कॅन मुक्कामाला येते. दर दोन-चार दिवसांनी बॉनेट उघडायचं, रेडिएटरची टाकी काठोकाठ भरायची आणि निघायचं. महिना-दोन महिने असे निघतात. मग एक दिवस चाळीसगाव सोडून कन्नड घाट चढताना तापमानाचा काटा लाल रेषेवर जातो आणि टोचन करून आणलेल्या गाडीकडे बघून मेकॅनिक सांगतो, "हेड गेलं."

हेड म्हणजे सिलिंडरांवर बसवलेला इंजिनाचा वरचा भाग. कधी ते खरंच गेलेलं असतं. पण पुष्कळदा सुरुवात झालेली असते रेडिएटरच्या दोन-चारशे रुपयांच्या झाकणापासून किंवा नळी आवळणाऱ्या, सैल पडलेल्या क्लॅम्पपासून. हेड जातं ते आपण नुसतं भरत राहिल्यामुळे.

चुका दोनच, पण त्या सगळेच करतात. किती कमी होतंय हे न मोजता भरणं, ही पहिली. फुकटच्या तपासण्या सोडून महागड्या कामाला हात घालणं, ही दुसरी. खाली दिलेला क्रम फुकटाकडून खर्चाकडे आणि बाहेरून आत जातो. दहा-पंधरा वर्षं जुन्या पेट्रोल, डिझेल किंवा गॅसकिटच्या (एलपीजी-सीएनजीच्या) गाडीला तो लागू आहे. मधला टप्पा गाळू नका. प्रत्येक टप्प्यात जे दिसेल त्यावर पुढचा अवलंबून आहे.

तयारी

टॉर्च, दाढीचा किंवा पर्समधला छोटा आरसा, चिकटपट्टी, पेन, वही, मिलीलीटरच्या खुणा असलेलं माप, पुठ्ठ्याचं मोठं खोकं फाडून केलेला एक तुकडा, जुनी वर्तमानपत्रं आणि हातमोजे. एवढं घरात असतंच. बाजारातून दोनच गोष्टी आणा: गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचं कूलंट (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचा रंगीत द्रव) आणि डिस्टिल्ड वॉटर.

पाण्याबद्दल इथेच बोलून घेतो, कारण आपल्याकडची निम्मी दुखणी तिथूनच सुरू होतात. आपल्या कूलरच्या जाळीवर उन्हाळाअखेर जो पांढरा टणक थर बसतो, तोच थर बोअरचं पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये बसवतं. फरक इतकाच की जाळी आपण दरवर्षी बदलतो आणि रेडिएटरच्या आत कुणी डोकावत नाही. जारचं आरओ पाणी बोअरपेक्षा बरं, पण ते डिस्टिल्ड नव्हे.

"आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला?" असंही विचारलं जातं. कूलंट फक्त गोठू नये म्हणून नसतं. ते गंज थांबवतं, पंपाच्या सीलला जपतं आणि उकळबिंदू वर नेतं. साधं पाणी १०० अंशांना उकळतं. ०.९ बार दाब धरणारं झाकण बसवलं की तेच पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत टिकतं. त्यात निम्मं कूलंट असेल तर १२५ च्या वर. बाहेर ४५ अंश तापमान असताना हा फरक चैनीचा राहत नाही.

आता तुमच्या गाडीत कोणती रचना आहे ते ओळखा. दोन प्रकार असतात.

एकात रेडिएटरलाच धातूचं झाकण असतं आणि बाजूला प्लॅस्टिकची साधी बाटली, बारीक नळीने जोडलेली. ही बाटली दाबाखाली नसते. इंजिन तापलं की कूलंट तिच्यात येतं, गार झालं की परत ओढलं जातं. दुसऱ्यात रेडिएटरला झाकणच नसतं. जाड प्लॅस्टिकची टाकी असते, तिला फिरकीचं झाकण असतं आणि दाब त्या टाकीतच असतो. पहिल्या प्रकारात नुसती बाटली बघून उपयोग नाही: बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, असं सर्रास असतं.

> सावधान: गरम इंजिनाचं झाकण उघडू नका. फडकं धरून नाही, "थोडंसंच ढिलं करतो" म्हणूनही नाही. दाब सुटला की आतलं पाणी त्याच क्षणी उकळून तोंडावर येतं. बंद करून किमान दोन-तीन तास थांबा. वरचा होज (रेडिएटर आणि इंजिन जोडणारी जाड रबरी नळी) दाबून बघा, तो मऊ आणि गार लागला तरच हात घाला.

> सावधान: कूलंट गोडसर असतं आणि विषारी असतं. कुत्री, मांजरं, शेळ्या ते चाटतात. परातीत काढलेलं कूलंट गोठ्याजवळ किंवा अंगणात उघडं ठेवू नका.

टप्पा १: खरंच कमी होतंय का, आणि किती?

सकाळी, गाडी हलवण्याआधी, सपाट जागेवर पातळी बघा. ओट्याच्या उतारावर उभी केलेली गाडी बोटभर खोटं बोलते. टाकी किंवा बाटलीवर चिकटपट्टी लावून पातळीपाशी पेनाने रेघ मारा. वहीत तारीख, किलोमीटर आणि पातळी लिहा. पहिल्या प्रकारची रचना असेल तर गार रेडिएटरचं झाकण उघडून आत तोंडापर्यंत आहे ना, तेही पहिल्या दिवशी एकदा बघा.

मग सात दिवस रोज सकाळी, त्याच जागी, फक्त बघायचं आणि लिहायचं. पातळी मिनच्या रेघेखाली जात नाही तोवर भरायचं नाही. भरावंच लागलं तर मापाने भरा आणि आकडा लिहा. "थोडंसं टाकलं" हा आकडा नव्हे.

या आठवड्यातच कित्येकांचं दुखणं संपतं, कारण गळती नसतेच. लहान गाडीत साधारण चार ते सहा लिटर कूलंट असतं आणि तापल्यावर ते चारेक टक्क्यांनी फुगतं, म्हणजे पाच लिटरमागे सुमारे २०० मिली. गार असताना मॅक्सच्या वर भरलं तर हे २०० मिली जाणार कुठे? झाकणातून किंवा नळीतून बाहेर. दुसऱ्या दिवशी पातळी खाली दिसते, आपण पुन्हा काठोकाठ भरतो, गाडी पुन्हा टाकते. गाडी पाणी पीत नाही, आपण तिला बळेच पाजतोय. गार असताना मिन आणि मॅक्सच्या मध्ये, मॅक्सच्या जरा खाली, एवढंच हवं.

दुसरा खोटा इशारा एसीचा. मे महिन्यात एसी लावून आलात की डॅशबोर्डच्या खालच्या अंगाला जमिनीवर पाण्याचं थारोळं होतं. बोटाने घ्या: स्वच्छ, बिनवासाचं, बुळबुळीत नसलेलं असेल तर ते हवेतलं पाणी आहे.

आठवड्याची वही काय सांगते?

पातळी मॅक्सजवळून थोडी उतरून एका ठिकाणी थांबली, तर गळती नाही. तीच त्या गाडीची नेहमीची जागा. गाडी उभी असतानाही रात्रीतून कमी होत असेल तर बाहेरची गळती, बहुधा जमिनीवर खूण सोडणारी. फक्त लांब पल्ल्याला किंवा घाटात कमी होत असेल तर झाकण, पंखा, रेडिएटरची जाळी किंवा दाबाखाली उघडणारी फट. आणि रोज ठरल्यासारखं कमी, जमीन मात्र कोरडी, असं असेल तर घाबरून जाऊ नका. हेडचा नंबर अजून खूप लांब आहे. एक हिशेब करून बघा: मिनिटाला एक थेंब गळाला तर दिवसाला ७० मिलीच्या आसपास जातं, आठवड्याला जवळपास अर्धा लिटर. तो थेंब तापलेल्या सायलेन्सरच्या पाईपवर पडत असेल तर जमिनीपर्यंत पोचतच नाही.

> तपासा: या आठवड्यात काटा एकदाही नेहमीच्या वर गेला का? गेला असेल तर निरीक्षण थांबवा, गाडी चालवणंही थांबवा आणि थेट टप्पा ४ ला या.

टप्पा २: आधी झाकण

झाकणात दोन झडपा असतात. मोठी झडप ठरलेल्या दाबापर्यंत कूलंट अडवून धरते. मधली छोटी झडप गार होताना बाटलीतलं कूलंट परत आत घेते. मोठी कमजोर झाली की दाब टिकत नाही, कूलंट लवकर उकळतं आणि बाहेर पडतं. छोटी अडकली की गार इंजिनावर वरचा होज चपटा झालेला दिसतो, आणि बाटली भरलेलीच राहून रेडिएटर रिकामा होत जातो. बाटलीच्या बारीक नळीला चीर असली तरी अगदी हेच होतं, कारण कूलंटऐवजी हवा ओढली जाते. त्यामुळे नळीसुद्धा दोन्ही टोकांपासून हाताने चाचपून बघा.

झाकण उलटं करून रबर बघा. कडक झालेलं, चिरलेलं, एका बाजूने दबलेलं किंवा पांढऱ्या खरीने माखलेलं असेल तर बदला. ज्या तोंडावर ते बसतं तिथली कडाही बोटाने फिरवून बघा. तिथे खड्डा किंवा खर असेल तर नवं झाकणही तोच तमाशा करणार.

नवं घेताना जुन्यावरचा आकडा वाचून तोच घ्या: ०.९, १.१, जो असेल तो. "जास्त दाबाचं बसवा, पाणीच बाहेर येणार नाही" असा सल्ला मिळतो. येणार नाही, तिथून येणार नाही. मग ते रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या जोडातून येईल, कारण पंधरा वर्षांच्या प्लॅस्टिकला तो दाब झेपत नाही.

झाकण बदललं की वहीत नवी रेघ मारून पुन्हा पाच-सात दिवस मोजा. थांबलं तर काम झालं.

टप्पा ३: गार इंजिनावर टॉर्च घेऊन

घाई केली तर सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. बॉनेट उघडून एक नजर टाकली, ओलं काही दिसलं नाही, म्हणजे गळती नाही, असं आपण ठरवून टाकतो. खरं तर बघायचं ओलं नसतंच. बघायचा असतो तो वाळलेला डाग: पांढरा, हिरवट किंवा गुलाबी, मिठासारखा फुललेला. कूलंटमधलं पाणी उडून जातं, रंग आणि क्षार मागे राहतात.

आदल्या रात्री इंजिनाखाली पुठ्ठा सरकवून ठेवा आणि त्यावर पुढच्या चाकांच्या रेषेत खूण करा. म्हणजे थेंब दिसला तर तो नेमका कशाखाली पडला ते कळेल. फक्त लक्षात ठेवा, थेंब पडतो खालच्या टोकावरून. सुटलेला असतो वरून कुठून तरी. डाग सापडला की त्याच्या वर चढत जा.

१. रेडिएटर. दोन्ही कडांना जिथे ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकची टाकी दुमडून जोडलेली असते, ती शिवण बघा. जुन्या गाड्यांत इथेच बारीक पाझर सुटतो. तळाचा ड्रेन नळही बघा.

२. होज आणि क्लॅम्प. प्रत्येक होज टोकापाशी दाबा. दगडासारखा कडक, तेल लागून फुगलेला किंवा दाबल्यावर बारीक चिरा दाखवणारा होज बदलायचाच. क्लॅम्पच्या मागे खर असेल तर तिथून गळतंय. काही गळत्या फक्त गार असताना होतात. धुळ्यात डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा रबर आणि धातू आकसतात, थेंब पडतो, गाडी तापली की फट मिटते. दुपारी गॅरेजला नेलेली अशी गाडी "ओके" म्हणूनच परत येणार.

३. थर्मोस्टॅटचं (इंजिन तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणाऱ्या झडपेचं) घर. प्लॅस्टिकचं असेल तर जोडाच्या चिरेपाशी टॉर्च मारा.

४. वॉटर पंप. पंपाच्या अंगावर मुद्दाम ठेवलेलं एक छोटं भोक असतं. आतलं सील गेलं की कूलंट तिथून खाली ओघळतं. आरसा खाली धरून बघा. ते भोक बुजवायचं नसतं. हे ठळकपणे सांगतोय, कारण एम-सीलने बुजवलेलं भोक मी डोळ्यांनी पाहिलंय. पंप टायमिंग बेल्टवर (इंजिनाच्या दातेरी पट्ट्यावर) चालत असेल तर पंप आणि बेल्ट एकदमच बदला. मजुरी एकदाच लागते.

५. मागची बाजू. केबिनकडे जाणारे हीटरचे दोन होज. अंधारी, अडचणीची जागा, म्हणून कुणी बघत नाही.

६. गॅसकिट. आपल्याकडच्या जुन्या पेट्रोल गाड्यांचा हा खास कोपरा. एलपीजीचा व्हेपोरायझर (द्रव गॅसची वाफ करणारा) आणि सीएनजीचा रिड्यूसर (दाब कमी करणारा) गरम ठेवायला हीटरच्या होजमध्ये टी-जोड टाकून कूलंट फिरवलेलं असतं. म्हणजे कंपनीने दिलेल्या जोडांवर आणखी चार-सहा जोड, तेही बहुतेक साध्या क्लॅम्पचे. गाडीच्या पुस्तिकेत ते नसतात, म्हणून तपासणीतही येत नाहीत.

याच कोपऱ्यात माझे हात पोळले आहेत. माझ्या गॅसवरच्या हॅचबॅकचं आठवड्याला पाऊण लिटर जायचं. ऐकीव सल्ल्यावर आधी रेडिएटर बदलला, मग पंप. पाणी जातच राहिलं. शेवटी पारोळ्याच्या एका म्हाताऱ्या फिटरने गाडीला हात लावण्याआधीच सुनावलं, "पानी कोठे जास ते पहिले देख भो, मंग पैसा लाव." त्याने वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडून एकेका जोडाखाली खोचल्या आणि गाडी चालू ठेवली. दहा मिनिटांत बॅटरीमागच्या प्लॅस्टिकच्या टी-जोडाखालची पट्टी ओली. त्याखालीच तापलेला मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर सायलेन्सरकडे नेणारा पाईप), म्हणून जमीन कायम कोरडी. ही कागदाची युक्ती तुम्हीही करा. फक्त कागद गरम मॅनिफोल्डला, पंख्याला आणि बेल्टला लागू देऊ नका. गॅसवरची गाडी असेल तर ही तपासणी पेट्रोलवर चालवून करा.

> तपासा: डाग सापडला तर तो पुसून काढा, जागा कोरडी करा आणि दोन दिवसांनी पुन्हा बघा. जुनी, मागेच दुरुस्त झालेली गळतीसुद्धा डाग सोडून जाते.

टप्पा ४: प्रेशर टेस्ट

बाहेरून काही सापडलं नाही तर आता गॅरेज. सगळ्यांकडे हे साधन नसतं, म्हणून आधी फोन करून विचारा: "रेडिएटर प्रेशर टेस्टर आहे का?" गाडी गार असताना न्या. झाकणाच्या जागी हातपंप बसवतात आणि झाकणावरच्या आकड्याइतका दाब देतात, त्याहून जास्त नाही. मग पंधरा-वीस मिनिटं त्या पंपावरचा दाबाचा काटा बघत बसायचं. तुम्ही स्वतः बघत बसा. दोन मिनिटांत "बरोबर आहे" म्हणू देऊ नका, बारीक गळतीला वेळ लागतो.

काटा उतरला आणि बाहेर कुठे ओलं दिसलं, तर जागा सापडली. काटा उतरला पण बाहेर सगळं कोरडं, तर कूलंट आत जातंय: टप्पा ६. काटा हललाच नाही, तर गळती फक्त गरम असताना होतेय किंवा झाकणातून होतेय. याच साधनाला जोड लावून झाकणही तपासता येतं, ते करून घ्या.

सायकलच्या पंपाने किंवा पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हे करू नका. कॉम्प्रेसरमध्ये याच्या कित्येक पट दाब असतो. एका झटक्यात हीटर कॉइल (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) फुटते.

टप्पा ५: गरम इंजिनावर

गाडी मोकळ्या जागेत उभी करून, एसी बंद ठेवून, जागच्या जागी चालू ठेवा. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो, पंखा पंचाण्णवच्या पुढे लागतो. बघायचं हे की पंखा आपणहून लागतो का आणि काटा खाली आणून आपणहून बंद होतो का. दोन फेऱ्या होऊ द्या. पंखा लागलाच नाही तर कूलंट उकळून झाकणातून जाणारच. अशा वेळी कूलंट कमी होणं हा आजार नसतो, आजाराचं लक्षण असतं. होज आणि झाकणं बदलून ते थांबत नाही.

पंखा ठीक, तरी रस्त्यावर तापते? मग जाळी बघा. एसीचा कंडेन्सर पुढे आणि रेडिएटर मागे, मधल्या सांदीत धूळ, किडे आणि आपल्याकडे जिनिंगच्या हंगामात उडणारा कापूस यांची गोधडीच तयार होते. पुढून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, साध्या नळीच्या धारेने धुवा. वॉशिंग सेंटरची जोराची धार मारली तर जाळीची पाती आडवी होतात आणि हवा कायमची अडते.

मग फेरी मारा. धुळेकरांना लळिंगचा चढ आहे, जळगावकरांना अजिंठ्याचा घाट, शहाद्याकडच्यांना तोरणमाळ. चढून झाल्यावर गाडी बाजूला सुरक्षित उभी करा, इंजिन चालू ठेवा, बॉनेट उघडून फक्त बघा, ऐका आणि वास घ्या. हिस्स आवाज, गोडसर वास किंवा वाफेची बारीक रेघ कुठून येते ते टॉर्चने शोधा. हात आत घालू नका. विजेवरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरतो.

> सावधान: फेरीत काटा चढू लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात. केबिन भट्टी होईल, होऊ द्या. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच. तरी काटा उतरत नसेल तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेड वाकतं ते अशानेच.

टप्पा ६: आत जातंय का?

आधी केबिन. पुढच्या सीटच्या पायाखालचं मॅटिंग उचला आणि खालचा फोम दाबा. चिकट ओल, गोड वास, आणि हीटर लावल्यावर पुढच्या काचेवर पुसूनही न जाणारा तेलकट धूसर थर असेल तर हीटर कॉइल गळतेय. आपण हीटर वर्षातून पंधरा दिवस लावतो, म्हणून ही गळती कुणाच्या डोक्यातच येत नाही.

केबिन कोरडी असेल, तरच आता हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि खालचं इंजिन यांच्यामधलं सील. एका लक्षणावर निकाल देऊ नका.

ऑइलच्या झाकणाखाली कॉफीच्या फेसासारखं काही दिसलं की लोक हादरतात. थंडीत रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत तो नुसत्या दवाचाही असतो. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल तर मात्र गाडी चालवू नका. सायलेन्सरमधून सकाळी पांढरी वाफ येणंही साधं आहे. इंजिन पूर्ण तापल्यावरही दाट, गोड वासाचा पांढरा धूर येत राहिला तर ते लक्षण.

माझ्या मते घरी करता येणारी सगळ्यात भरवशाची तपासणी ही: रात्रभर गार झालेली गाडी चालू करा आणि वरचा होज हातात धरा. कूलंट अजून गारच आहे, तरी एक-दोन मिनिटांतच होज टणक झाला, तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये घुसतोय. उष्णतेने दाब यायला एवढ्या लवकर वेळच मिळत नाही. टाकीत न थांबणारे बारीक बुडबुडे, सकाळी चालू केल्यावर पहिले काही सेकंद एक सिलिंडर मिस होणं, आणि चारपैकी एकच स्पार्क प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघणं, ही त्याची भावंडं.

अशी दोन-तीन लक्षणं जुळली तर गॅरेजमध्ये निळ्या द्रवाची टेस्ट करून घ्या. टाकीच्या तोंडावर नळी बसवून आतली हवा त्या द्रवातून ओढतात. जळलेला वायू असेल तर पेट्रोल गाडीत निळा रंग पिवळा होतो, डिझेलमध्ये हिरवट. कूलंटच आत ओढलं गेलं तर निकाल फसतो, म्हणून आधी पातळी थोडी कमी करायची असते. जोडीला कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजणं. शेजारच्या दोन सिलिंडरांत एकदम कमी आकडा आला तर गॅस्केट त्यांच्या मध्येच गेलंय.

डिझेलवाल्यांनी हेड उघडण्याआधी आणखी एक दार ठोठावायचं: ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत सोडायचा धूर कूलंटने गार करणारा भाग. तो आतून फुटला की पांढरा धूर, कोरडी जमीन, कमी होणारं कूलंट, सगळं हेडसारखंच. गाडीत तो असेल तर सोडवून वेगळा तपासायला सांगा.

> सावधान: रात्रीतून बरंच कूलंट गेलंय, जमीन कोरडी आहे आणि सकाळी स्टार्टर अर्ध्यात अडकतो, असं झालं तर पुन्हा किल्ली फिरवू नका, धक्काही देऊ नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

हेड उघडावंच लागलं तर फक्त गॅस्केट बदलून बसवू देऊ नका. हेड सपाट आहे का ते पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) मोजायला लावा, गरज असेल तर फेसिंग, म्हणजे घासून सपाट करणं. बोल्ट ताणाचे (आवळताना कायमचे ताणले जाणारे) असतील तर नवे, आणि आवळणी टॉर्क रेंचने, पुस्तिकेतल्या क्रमाने.

जुगाडांबद्दल

रेडिएटरमध्ये हळद टाकण्याची युक्ती ट्रकवाल्यांपासून चालत आली आहे. लीक बंद करायची बाटलीतली औषधं त्याच जातीची. रात्री अकराला सेंधव्याच्या अलीकडे बिजासन घाटात अडकलात आणि घर गाठायचंय, तर करा. पण दुसऱ्या दिवशी सगळं धुऊन काढा. हळदीला गळतीचं भोक आणि हीटर कॉइलची नळी यांतला फरक कळत नाही. ती दोन्ही बुजवते.

"आपल्याकडे गरम असतं, थर्मोस्टॅट काढून टाकू" हेही नेहमीचं. काढला की इंजिन हवं तेवढं तापायला वेळ घेतं, पेट्रोल जास्त खातं, आणि काही इंजिनांत बायपासची (रेडिएटर टाळून जाणारी) वाट उघडीच राहून घाटात उलट जास्त तापतं. पंखा डायरेक्ट करून देणं तसंच: स्विच किंवा सेन्सर बिघडलेला राहतो आणि आता तो कळायचा मार्गही बंद होतो.

रंग बघून कूलंट मिसळू नका. हिरवं, लाल, निळं हे कंपन्यांनी आपापल्या मर्जीने दिलेले रंग आहेत. जात डब्यावर लिहिलेली असते.

टप्पा ७: भरणं, हवा काढणं, पुन्हा मोजणं

दुरुस्ती बरोबर आणि भरणी चूक, यामुळे परत आलेल्या गाड्या पुष्कळ. जुनं गढूळ कूलंट पूर्ण काढा, डिस्टिल्ड वॉटरने एकदा फिरवून काढून टाका. मग अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर, बाहेर बादलीत मिसळून. तयार मिश्रण आणलं असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. किती मावलं ते मोजा. पुस्तिकेत पाच लिटर लिहिलंय आणि साडेतीनच गेलं, तर उरलेल्या जागेत हवा किंवा जुनं पाणी आहे.

हवा काढायला गाडीचं तोंड थोडं चढावर करा, हँडब्रेक आणि चाकामागे दगड. हीटर पूर्ण गरमवर. एअर ब्लीडचा स्क्रू असेल तर तो ढिला ठेवून सावकाश भरा, अखंड धार आली की बंद. झाकण लावून गाडी पंख्याच्या दोन फेऱ्या होईपर्यंत चालू ठेवा. हीटरमधून गरम हवा येते का बघा. गार हवा येत असेल तर आत अजून हवेचा फुगा आहे. रात्रभर गार होऊ द्या, सकाळी पातळी पाहून भर घाला. पहिल्या दोन-तीन दिवसांत पातळी थोडी उतरते, ती गळती नव्हे, अडकलेली हवा निघाल्याची खूण.

त्यानंतर टेपवर नवी रेघ, आणि पंधरा दिवस वही. शे-दोनशे किलोमीटर झाले की नवे क्लॅम्प गार असताना एकदा तपासा, रबर बसल्यावर ते अर्धा आटा घेतात. पातळी पुन्हा उतरू लागली तर मेकॅनिकशी भांडायला जाण्याआधी टप्पा ३ पासून सुरू करा. झाकण नवं झालं की दाब पूर्ण येतो, आणि इतकी वर्षं अर्ध्या दाबावर तग धरून बसलेला एखादा जुना होज आता पाझरायला लागलेला असतो.